कोयता, काटा आणि मतपेटी : बारामती-इंदापूरच्या निवडणुकांत मजूर कुठे आहे?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीची नणंद-भावजयीची लढत देशभर गाजली. सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांचा दीड लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच घरातले काका-पुतणे समोरासमोर आले आणि अजित पवार यांनी युगेंद्र पवार यांना १ लाख ८९९ मतांनी हरवले. वाहिन्यांनी घरातली फूट नवलाईने दाखवली, पण बारामतीला ती नवी नव्हती. केशवराव जेधे यांच्या निधनामुळे १९६० मध्ये इथे लोकसभेची पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने गुलाबराव जेधे यांना उभे केले, तर शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) उमेदवार होते वसंतराव पवार. त्यांचा धाकटा भाऊ शरद तेव्हा काँग्रेसचा तरुण कार्यकर्ता होता आणि त्याने प्रचार केला तो काँग्रेसचा. गुलाबराव जेधे निवडून आले.

१९६० आणि २०२४ या दोन्ही वेळी भावकी तशीच राहिली, विषय मात्र बदलला. १९६० मध्ये एका बाजूचा उमेदवार निदान अशा पक्षाचा होता, ज्याच्या जाहीरनाम्यात शेतकऱ्याबरोबर मजूरही होता. २०२४ मध्ये पाणी, निष्ठा, आरक्षण, कांदा आणि लाडकी बहीण यांवर सभा रंगल्या. उसाच्या फडात राबणारा, कारखान्यात हंगामी म्हणून लागलेला किंवा एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेला माणूस कोणाच्याच भाषणात फार वेळ थांबला नाही. असे का झाले, याचा हा आढावा.

शेकापचा काळ

केशवराव जेधे हे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या शेकापच्या पहिल्या फळीतले नेते. पुढे ते काँग्रेसमध्ये परतले आणि १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण होत असताना, बारामतीतून काँग्रेसचे खासदार झाले. शेकापचा पाया ब्राह्मणेतर चळवळीतून आलेला कुणबी शेतकरी, आणि त्यावर मांडणी डाव्या विचारांची. शरद पवारांच्या आई शारदाबाई याच पक्षाच्या. त्यामुळे १९६० ची लढत घरातली होती, तशीच दोन राजकीय वाटांमधलीही होती.

काँग्रेसची वाट जिंकली, याचे मुख्य कारण सहकार. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा होता आणि सहकारी कारखान्यात शेअर घेऊन शेतकरी मालक होऊ शकत होता. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे कारखाने उभे राहिले, तसा शेकापचा शेतकरी काँग्रेसच्या सभासदात बदलला. शेकापच्या मांडणीतला मजूर मात्र कोणाचाच सभासद झाला नाही. पुढची साठ वर्षे हा फरक मिटला नाही.

वालचंदनगरचा मळा

इंदापूर तालुक्याची मजुरीची कहाणी सहकाराच्याही आधी सुरू होते. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहता झाला. त्याच्या पाण्यावर वालचंद हिराचंद यांनी कळंब परिसरात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन उसाचे मळे केले आणि १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. वालचंदनगर ही खासगी भांडवलाने वसवलेली पुरी वसाहत होती. तिथे चाळी होत्या, शाळा होती, बाजार होता आणि भोंग्यावर चालणारा दिवस होता. याच गावातून पुढे अवजड यंत्रे, अणुभट्ट्यांचे आणि अग्निबाणांचे भाग बाहेर पडले.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघाले. वालचंदनगर आणि रत्नपुरीचे मळे त्यात आले. आता दोन मागण्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ज्यांच्या जमिनी खंडाने गेल्या होत्या त्या खंडकऱ्यांना जमीन परत हवी होती. मळ्यावर पिढ्यान् पिढ्या राबलेल्या कामगारांना थकीत देणी आणि राहत्या घराखालची जागा हवी होती. खंडकरी संघटित होते, गावचे जुने जमीनदार होते आणि प्रत्येक उमेदवाराच्या व्यासपीठावर त्यांची माणसे होती. कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ नंतर त्यांना जमिनी मिळू लागल्या. कामगार घरापुरत्या दोन गुंठ्यांसाठी अर्ज-मोर्चे करत राहिला. एकाच मळ्यावर, एकाच सरकारपुढे, मालकी सांगणाऱ्याचे काम राबणाऱ्याच्या आधी झाले.

बारामतीचा खासदार, देशाचा कामगारमंत्री

या मतदारसंघाने देशाला कामगारमंत्री दिला होता, हे आज तालुक्यातही फारसे कोणाला आठवत नाही. डाव्या पक्षांतून काँग्रेसमध्ये आलेले रघुनाथ केशव खाडिलकर १९७१ मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेले आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे कामगार खाते आले. त्यांच्याच कारकिर्दीत १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा झाला.

हा कायदा साखर कारखान्याच्या दारात उभे राहून वाचावा. बारमाही कामगाराला दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार, हंगामी कामगाराला दर हंगामामागे ७ दिवसांचा. म्हणजे बॉयलरवरचा, मिलवरचा, काट्यावरचा हंगामी माणूस अर्धामुर्धा का होईना, कायद्यात आला. उसाची मोळी बांधणारा मात्र बाहेरच राहिला, कारण कागदोपत्री तो कारखान्याचा नोकर नाही. करार कारखाना आणि वाहतूकदार यांच्यात, उचल वाहतूकदाराकडून मुकादमाला, आणि मुकादमाकडून कोयत्याला, म्हणजे तोडणी करणाऱ्या जोडप्याला. साखळी इतकी लांब की मालक कोण, हे सांगायला कोणीच पुढे येत नाही.

कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट वेगळी. साखर उद्योगासाठी केंद्रीय वेतन मंडळ १९५७ मध्येच नेमले गेले. पुढे महाराष्ट्रात सरकार, कारखानदार आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती पगार ठरवू लागली. १ एप्रिल २०१९ पासून १२ टक्के आणि १ एप्रिल २०२४ पासून १० टक्के वाढ याच मार्गाने मिळाली. हा कामगार स्थानिक आहे, बहुतेक वेळा सभासदाच्या घरातला आहे आणि त्याच्या घरात चार-पाच मते आहेत. थकीत पगाराचा प्रश्न निघाला की पॅनेलप्रमुखाला त्याच्या दारात जावे लागते.

दुष्काळाची पाटी

मजुराचा प्रश्न राजकारणाच्या मध्यावर आला असा एकच काळ या भागाने पाहिला, तो १९७२ च्या दुष्काळाचा. बारामतीचा जिरायत पट्टा आणि इंदापूरचा मोठा भाग कोरडा पडला. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध यांवर बायका डोक्यावर पाटी आणि काखेत मूल घेऊन उभ्या होत्या, दुपारी सुकडी वाटली जात होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवरची हजेरी पन्नास लाखांच्या घरात गेली. बागायतदाराचा मुलगाही खडी फोडायला आला, म्हणून मजुरी हा तेव्हा सगळ्या गावाचा प्रश्न झाला.

त्यातून जे निघाले ते मोठे होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना, १९७७ चा कायदा, आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी. तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. ‘मागेल त्याला काम’ हा हक्क महाराष्ट्राने देशाच्या आधी सव्वीस वर्षे दिला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की यासाठी कोणा मजूर उमेदवाराला निवडून यावे लागले नाही. मजूर आणि मतदार तेव्हा एकाच गावात, एकाच यादीत होते, तेवढे पुरले.

चेअरमन आणि आमदार

ऐंशीच्या दशकापासून इथल्या उमेदवारीचा रस्ता कारखान्याच्या गेटातून जाऊ लागला. विरोधी बाजूही त्याला अपवाद नव्हती. १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८५ च्या पोटनिवडणुकीत जनता पक्षातर्फे निवडून आलेले संभाजीराव काकडे हे निंबूतचे, म्हणजे सोमेश्वरच्या पट्ट्यातले. इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील १९८० आणि १९८९ मध्ये बारामतीचे खासदार झाले. बिजवडीचा कारखाना आज त्यांच्याच नावाने चालतो. त्यांचे पुतणे हर्षवर्धन पाटील १९९५ पासून तीनदा अपक्ष आणि २००९ मध्ये काँग्रेसकडून आमदार झाले, २०१९ मध्ये भाजपतर्फे आणि २०२४ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे लढले. दोन्ही वेळा दत्तात्रय भरणे यांनी त्यांना हरवले, आधी ३,११० मतांनी आणि नंतर १९,४१० मतांनी. २०२४ चे तिसरे दखलपात्र उमेदवार प्रवीण माने सोनाई दूध उद्योगाच्या घरातले.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. पक्ष बदलतो, चिन्ह बदलते, पण उमेदवार बहुधा कोणत्या तरी कारखान्याशी, डेअरीशी, बँकेशी बांधलेला असतो. तो शेकडो लोकांना काम देतो आणि हजारोंकडून ऊस किंवा दूध घेतो. अशा माणसाने मजुरीचा दर वाढवा म्हणून सभेत गर्जना करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. टेबलाच्या त्या बाजूला तो स्वतःच बसलेला असतो म्हणून.

विधानसभेपेक्षा कारखान्याची निवडणूक इथे जास्त चुरशीने लढली जाते, ती याचसाठी. जून २०२५ मध्ये माळेगावच्या निवडणुकीत उपमुख्यमंत्री असताना अजित पवार स्वतः ब वर्गातून उभे राहिले आणि त्यांच्या नीळकंठेश्वर पॅनेलने २१ पैकी २० जागा घेतल्या. समोर तावरे गटाचे पॅनेल होते, शरद पवार गटाचेही होते. महिनाभर गावोगाव उसाचा दर, विस्तारीकरण, कर्ज, उपपदार्थ यांचा कीस पडला. मतदार होते सभासद, म्हणून विषयही सभासदाचेच. त्यात गैर काही नाही. पण तालुक्यातली सर्वांत सखोल आर्थिक चर्चा ज्या निवडणुकीत होते, तिथे मजुराला मजूर म्हणून मत नाही, एवढे नोंदवून ठेवावे.

कोयत्याचा हिशेब

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे. दिवाळीच्या आसपास बीड, पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा या भागांतून टोळ्या उतरतात. कोणी डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या डोकी सेंटरला, कोणी बैलगाडीच्या गाडी सेंटरला, कोणी टायरगाडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात फडात शिरायचे, ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रक आला की रात्री-अपरात्री फळीवरून चढून भरायचा. एक कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीदरात ३४ टक्के वाढ केली, तेव्हा दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. म्हणजे दोन माणसांची दिवसाची कमाई साडेपाचशे ते सव्वासातशेच्या आसपास, आणि तीही आधी घेतलेल्या उचलीतून वळती होणारी. आजारपणाचा दिवस खाडा म्हणून वजा. कोपीला, म्हणजे राहत्या झोपडीला, पाणी नाही, वीज नाही, आडोसा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या २०१९ मधल्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, त्यामागे ही खाड्याची भीतीही होती.

दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याचा हिशेब पाहा. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, २०२४-२५ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होता. पण हा दर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून कापला जातो. म्हणजे कोयत्याला मिळालेला प्रत्येक जादा रुपया शेवटी ऊस उत्पादकाच्या बिलातून जातो. शिवाय फडात ‘खुशाली’ आणि ट्रॅक्टरवाल्याची ‘एन्ट्री’ शेतकऱ्याने वरून मोजायची ती वेगळीच. दोन एकर ऊस असलेला माणूस मजुरावर चिडतो, त्याचे कारण हे आहे. कारखाना मधे बसून दोघांचा हिशेब करतो, आणि दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

नोव्हेंबर २०११ मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी बारामतीत उपोषणाला बसले, पुढच्या वर्षी इंदापुरात ठिय्या दिला, तो उसाच्या दरासाठी. ते आंदोलन रास्त होते आणि त्याने उत्पादकाच्या पदरात काही पडलेही. तोडणी मजुराची मागणी त्या वेळीही वेगळ्या टेबलावर, वेगळ्या संपात, बीडच्या पुढाऱ्यांमार्फत मांडली गेली. एकेकाळी दोघांना एका झेंड्याखाली आणू पाहणाऱ्या शेकापचा जिल्ह्यातला प्रभाव तोवर ओसरला होता.

मजुरीचा निवाडा निवडणुकीत न होता लवादात का होतो, याचे उत्तर आता सोपे आहे. ज्याच्या बिलातून पैसे जातात तो बारामती-इंदापूरचा मतदार आहे. ज्याच्या हातात ते पडतात तो बीड-नगरचा मतदार आहे. म्हणून कारखानदारांचा पुढारी आणि मजुरांचा पुढारी दर तीन वर्षांनी साखर संकुलात किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये भेटतात आणि आकडा ठरवतात. या पद्धतीने वाढ मिळते, हे खरे. पण त्या खोलीत मजूर नसतो, आणि निवडणुकीत त्याचा जाब कोणाला विचारता येत नाही.

मतदानाच्या तारखेनेही त्याला दगा दिला. २००९, २०१४ आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुका ऑक्टोबरमध्ये झाल्या, तेव्हा टोळ्या निघायच्या होत्या. २०२४ मध्ये गाळप हंगामाचा मुहूर्त १५ नोव्हेंबरचा आणि मतदान २० नोव्हेंबरला. लाखो मजुरांचे मत बुडणार म्हणून आरडाओरडा झाला, प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. काही उमेदवारांनी गाड्या पाठवून माणसे नेली, काही मते फडातच राहिली. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तर २०१७ मध्ये फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात झाल्या. सहा महिने एका जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ना इथले पाणी-रस्ते ठरवता येतात, ना तिथले.

एमआयडीसीचे नवे कोयते

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी, भारत फोर्जचे सुटे भाग, डायनॅमिक्सची डेअरी आणि टेक्स्टाइल पार्क उभे राहिले. टेक्स्टाइल पार्कमध्ये आसपासच्या गावांतल्या शेकडो मुली-बायका शिलाईच्या मशीनवर बसतात, आणि शेतमजुरीपलीकडचा नियमित पगार त्यांच्या घरात पहिल्यांदा आला, ही मोठीच गोष्ट आहे. इंदापूरलाही लोणी देवकरची वसाहत झाली. प्रचारात सगळ्याच बाजू ‘भूमिपुत्रांना रोजगार’ म्हणतात आणि ८० टक्के स्थानिकांच्या जुन्या सरकारी धोरणाचा दाखला देतात.

‘रोजगार कसा?’ हे मात्र कोणी बोलत नाही. आयटीआय झालेला मुलगा आधी शिकाऊ, मग ठेकेदाराकडे, मग सात महिन्यांनी ब्रेक, पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराकडे, अशी वर्षे काढतो. मजूर पुरवण्याचे ठेके राजकीय गटांच्या माणसांकडे असतात, हे तालुक्यात चहाच्या टपरीवर उघड बोलले जाते. मराठवाड्यातून आणि उत्तरेकडून आलेली मुले खोलीत पाच-सहा जण मिळून राहतात आणि त्यांचेही नाव इथल्या यादीत नसते. चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांत निश्चित मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पण ठेकेदाराच्या हजेरीपटावर तो मुदतीचा कामगार म्हणून दाखवला गेला तरच.

अमेरिकेतला एक जुना दाखला

उमेदवार आणि मजूर यांची ही चुकामूक फक्त आपली नाही. अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी ३१ मार्च १८४० रोजी संघराज्याच्या बांधकामांवरच्या मजुरांसाठी दहा तासांचा दिवस लागू केला, पगार न कापता. त्याच वर्षी निवडणूक होती. समोरचे विल्यम हेन्री हॅरिसन व्हर्जिनियाच्या श्रीमंत जमीनदार घराण्यातले. पण प्रचारात त्यांना लाकडी ओंडक्यांच्या झोपडीतला साधा माणूस म्हणून उभे केले गेले. १८३७ च्या मंदीने लोक गांजले होते. हॅरिसन निर्वाचक मंडळाच्या २३४ विरुद्ध ६० मतांनी जिंकले. दहा तासांच्या आदेशापेक्षा झोपडीचे चित्र आणि भाकरीची चिंता भारी ठरली. आणि लुइझियानात ऊस तोडणारे लोक तर गुलाम होते, त्यांना मत असण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या मजुराची स्थिती गुलामाची नाही, ती तुलना कोणी करू नये. पण मत नसलेल्याचा प्रश्न प्रचारात येत नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडला.

बांधावर पिठलं-भाकरी खातानाचे उमेदवाराचे फोटो आपल्यालाही ओळखीचे आहेत.

मग करायचे काय?

मजुरांचा वेगळा पक्ष हे उत्तर नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे करून १४ निवडून आणले, पण स्वातंत्र्यानंतर तसे यश कोणाला राखता आले नाही. जे टिकले ते कायद्याने बांधलेले मंडळ. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला मालक बदलला तरी न बदलणारी नोंदणी, हजेरी आणि भविष्यनिर्वाह निधी दिला. ऊसतोडीसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे, टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तितकेच सरकारकडून घ्यायचे ठरले आहे. पैशाची वाट काढलेली आहे, हक्काची नोंदणी अजून माथाडीच्या तोडीची नाही. तोवर सरकार हार्वेस्टरला अनुदान देते आहे, आणि यंत्र आले की प्रश्नच संपेल असे अनेकांना वाटते. यंत्र लहान तुकड्यात आणि ओल्या रानात चालत नाही, त्यामुळे कोयता अजून बरीच वर्षे लागणार आहे.

तीन गोष्टी होऊ शकतात. मतदानाच्या आधी गाळप सुरू करायचे नाही, हा निर्णय दर वेळी ओढाताण न करता कायमचा व्हावा. तोडणी-वाहतूक खर्चातला किती पैसा कोयत्याला, किती मुकादमाला आणि किती वाहनाला गेला, हे प्रत्येक कारखान्याने वार्षिक अहवालात छापावे. त्याने शेतकऱ्याचा राग योग्य ठिकाणी जाईल. आणि हंगामी कामगार, ठेक्यावरचा कामगार व फडातली बाई यांच्याबद्दल उमेदवाराने काय करायचे ठरवले आहे, ते त्याच्याकडून लेखी घ्यावे.

हे विचारण्याचा अधिकार आज ज्यांच्याकडे आहे ते मजूर नाहीत, सभासद आहेत. पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या दराचा प्रश्न विचारून झाला की माईक खाली ठेवण्याआधी तोडणीच्या हिशेबाचा प्रश्नही विचारा.